वेचणीच्या दिवसांत न घेतलेली गोळी

फॅमिली मेडिसिन शिकणाऱ्या डॉक्टरांना मी पुसदला शिकवायचे, तेव्हा माझ्या केसांना कलप होता आणि डोक्यात हवा. "संशोधन करा, प्रश्न विचारा," असं दर सोमवारी बजावायचे. फुलसावंगीकडच्या एका विद्यार्थिनीने ते खरं मानलं, बिचारीने.

एका सोमवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "मॅडम, कापसाची वेचणी लागली की बायांचं बीपी वाढून राह्यलं. खोदून विचारलं, तर सकाळची गोळी त्या घेतच नाहीत. तिनं सारखं लघवीला लागते, अन् वावरात आडोसा नाही, जायचं कुठं? याच्यावर थीसिस करू?"

मी म्हटलं, "तू डॉक्टर व्हायला आलीस का संडास बांधायला?"

वर्ग खदाखदा हसला. मला त्या टाळ्याच वाटल्या. मग कपाटातला एक जुना थीसिस काढून तिच्या हातात ठेवला. "मधुमेह घे. तक्ते तयार आहेत, आकडे तेवढे आपले भर. पास व्हायचंय ना?"

"हो मॅडम."

झाली पास. थीसिसच्या कव्हरवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव, तेही सोनेरी अक्षरांत.

मागच्या वर्षी मलाच ती गोळी सुरू झाली. महागावला बहिणीकडे एसटीने जायचं, म्हणून मी सरळ चुकवायला लागले. तिसऱ्या खेपेला बहिणीच्या दारातच चक्कर येऊन बसले. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, गोळी घेतली होती?"

"हो तर!" मी म्हणाले. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई, धडधडीत खोटं. आणि तिथेच कान तापले. मलाही बाया वर्षानुवर्षं असंच "हो" म्हणाल्या होत्या. खरं त्यांनी फक्त त्या पोरीला सांगितलं होतं.

घरी येऊन तिला फोन केला. ती आता स्वतःचा दवाखाना चालवते. सगळं कबूल केलं. म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता गं. आता कर. वावरावावरात मी हिंडते तुझ्यासोबत."

ती मोकळेपणाने हसली. "आता कायचं संशोधन, मॅडम? गर्दी असते. गोळी घेतली का विचारते, बाया हो म्हणतात, मी पुढची लिहून देते."

"खोदून विचारत नाहीस?"

"नाही मॅडम. तुमच्याकडूनच शिकली ना."

तिच्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.