पुलावर दिलेलं दावं

मांजरसुंब्याला एसटी बदलली, तेव्हा मांडीवरची पिशवी मी पुन्हा एकदा चाचपली. आत वडिलांचं दावं (बैल बांधायची दोरी) होतं. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेलं असायचं आणि दर पोळ्याला वडील त्याला तेल-हळद लावायचे. गावाकडचं शेत परत घेऊ, बैल बांधू, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मागच्या वर्षी ते वारले. त्यांनी शेवटची बैलजोडी जिथं विकली, तो दगडी पूल आता पाडणार असं कानावर आलं, म्हणून बघायला निघाले होते. दावं सोबत का घेतलं, हे मात्र धड सांगता येणार नाही.

बाजारगावात उतरल्यावर आधी चहा-भजी झाली. पूल कुणी बांधला विचारलं, तर हॉटेलवाला म्हणाला निजामानं. बाकावरच्या म्हाताऱ्यानं त्याला वेड्यात काढलं; पूल म्हणे त्याच्याही आधीचा. दोघांची चांगलीच जुंपली. गावाची हद्द पुलाच्या मध्यावर संपते आणि बाजारात ठरलेला सौदा तिथंच पुरा होतो, एवढं दोघांनाही मान्य होतं. विकणाऱ्यानं आपलं दावं सोडून घ्यायचं, घेणाऱ्यानं स्वतःचं बांधायचं आणि विकणाऱ्यानं मागं वळून न बघता घरी जायचं.

पूल मी मनात धरला होता त्याहून लहान निघाला. काळ्या दगडाच्या बुटक्या कमानी, खाली वेड्या बाभळी, वर बैलगाड्यांनी झिजवलेल्या चाकोऱ्या. एका चाकोरीत पाऊल ठेवलं आणि वडिलांची फार आठवण आली.

मध्यावर गयाबाई नावाच्या एक शेतकरीण बैल धरून उभ्या होत्या. जोडीतला दुसरा बैल मेल्यामुळं हा विकायला काढलेला. घेणारा शिरूर कासारचा तरुण, ऊसतोडीच्या गाडीसाठी आलेला, आणि पठ्ठ्या नेमका दावंच विसरला होता. बाजार उठला होता, दोरवालाही गेला होता. तुमचंच द्या, नाहीतर सौदा राहू द्या, असं तो म्हणत होता. पोरगं अजून शेती करतंय, दावं देणार नाही, यावर गयाबाई अडून बसल्या होत्या.

मी पिशवीतून दावं काढून पुढं केलं.

गयाबाईंनी त्याचा पीळ बोटांनी चाचपला. "कुणाचं हाय?"

"वडिलांचं. इथंच बैल विकून परत नेलेलं."

"इचार करा, बाई. घरचं दावं गेलं की दारात परत जनावर येत न्हाई."

शेत परत येणार नाही हे आम्हाला कधीचंच कळलं होतं. वडिलांसमोर कुणी बोललं नव्हतं, इतकंच.

"बांधा," मी म्हणाले.

गयाबाईंनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला, आपलं दावं खांद्यावर टाकलं आणि रीतीप्रमाणं सरळ निघून गेल्या. वडीलही असेच गेले असणार. मी कठड्याला टेकून उभी राहिले. बैल पलीकडं उतरला, बाभळींच्या आड गेला, तरी मी बघतच होते.

गॅलरीतला खिळा अजून तसाच आहे. काढायला हात धजत नाही. वडिलांना त्या दिवशी मागं वळून बघता आलं नव्हतं. त्यांच्या वाटचं मी बघून आले.