मागच्या पट्टीवरची सही

खिळेकाकांनी चित्रकाराचं अस्सल चित्र परस्पर विकलं आणि त्याच्या बायकोच्या हाती नक्कल ठेवली, अशी कुजबुज आमच्या गल्लीत कितीतरी वर्षं होती. मीही ती चार घरी पोचवली; आता साळसूदपणाचा आव कशाला आणू?

काका चित्रांना चौकटी ठोकायचे. ओठांत कायम चार खिळे, त्यामुळे शब्द कमी, हुंकार जास्त. समोरच्या माडीवरचा चित्रकार त्यांचा जिवलग. त्याची एक खोड होती. चित्रावर सही करायचा नाही. "तोंडावर कोणी नाव लिहून हिंडतं का?" म्हणायचा, आणि मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने नाव टाकायचा.

तो गेल्यावर घरात एकच चित्र उरलं. वहिनींनी ते संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. नवऱ्याचं नाव तिथल्या भिंतीवर लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. नेण्याआधी चित्र काकांकडे डागडुजीला आलं आणि नव्या कोऱ्या चौकटीत परत गेलं.

संग्रहालयाच्या तपासनीसाने ते आधी उलटं केलं. "लाकूड नवं, सही नाही. बाई, ही नक्कल."

वहिनी तडक दुकानात. "भावजी, जुनी पट्टी कुठंय?"

काकांनी खिळे तोंडातून काढले. "चित्र तेच आहे, वहिनी. शपथ घेतो."

"शपथ भिंतीवर टांगू का?"

त्यानंतर काकांनी अकरा वर्षं संग्रहालयाच्या पायऱ्या झिजवल्या. तीन तपासनीस बदलले, प्रश्न बदलला नाही.

"पुरावा?"

"अहो, मी स्वतः ठोकलंय."

"तुम्हीच ठोकलंय, तीच तर अडचण आहे!"

शेवटी त्यांना कंटाळूनच असेल, चित्र जिन्याच्या वळणावर लागलं. खाली पाटी: चित्रकार अज्ञात. वहिनी एकदाच गेल्या, पाटी वाचली, कठड्याला धरून खाली उतरल्या.

"अजून एक अर्ज करतो," काका म्हणाले.

"पुरे आता, भावजी. माझे पाय दुखतात."

पट्टीचं काय झालं, ते वहिनी वारल्यावर काकांनी मला सांगितलं. तिला वाळवी लागली होती. मागची बाजू न बघताच त्यांनी ती नेहमीच्या सवयीने शेगडीत घातली. सही जळाली हे वहिनींना सांगायचं धाडस झालं नाही. चित्र अस्सल होतं.