पांढऱ्या रुमालाची सवय

सोमवारी सकाळी डायपरच्या चिकटपट्ट्या सोडल्या आणि मावशी खाली वाकली. ठमीच्या दोन्ही जांघांच्या घडीत बोटभर रुंद लाल पट्टे उमटले होते. शनिवारी तिथे नुसती गुलाबी झाक होती. ती मावशीला दिसली होती, पण उकाड्याने झालं असेल म्हणून तिने मनावर घेतलं नव्हतं. आता तिथली कातडी ताणल्यासारखी तुकतुकीत दिसत होती. कोमट पाण्यातला कापूस लागला मात्र, सात महिन्यांच्या ठमीने असा काही सूर लावला की पलीकडच्या खोलीत झोपलेली दोन पोरं उठून बसली.

पाळणाघरात चार मावश्या होत्या, पण नुसतं 'मावशी' म्हटलं की ही. बाकीच्या तिघी तिला पाठीमागे, आणि कधीकधी तोंडावरही, 'चकाचक' म्हणत. खिडकीखालच्या बदलायच्या टेबलाशी ती एकोणीस वर्षं उभी होती. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता मिसरूड फुटलेली रस्त्यात भेटत आणि उगाचच लाजत.

हे नाव तिला असंच पडलं नव्हतं. ती कामाला लागली तेव्हाच्या मोठ्या बाई भारी कडक. पोराचं पुसून झालं की त्या कमरेचा पांढरा रुमाल काढून पोराच्या जांघेच्या घडीत टेकवायच्या. रुमालावर काही उमटलं, की काम पहिल्यापासून. बाकीच्या बायका रडकुंडीला येत. मावशीचा रुमाल मात्र तिसऱ्याच दिवशी कोरा निघाला. "हिच्याकडून शिका," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. त्या बाई केव्हाच गेल्या, पण त्यांचा रुमाल मावशीच्या बोटांत राहिला.

ठमीची आई सकाळी घरून तिला जाड पांढरं मलम थापून आणायची. ते मलम मोठं चिवट, पाण्याला दाद द्यायचं नाही. मग मावशी बोटाला साबण घ्यायची, ओल्या फडक्याने घासायची, पुन्हा साबण. पांढरं म्हणून काही उरलं नाही की मगच नव्या मलमाचं बोट फिरवायची. दिवसातून सहा वेळा.

आता लाली दिसल्यावर तिने आणखी जपायला सुरुवात केली. म्हणजे आणखी घासायला.

संध्याकाळी ठमीची आई आली. ती बसमध्ये कंडक्टर. खाकी गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी आणि आवाज असा की मागच्या थांब्यावरचा माणूस वळून बघेल. मावशीने भीतभीतच तिला पट्टे दाखवले. ती वाकली, बघत राहिली, आणि पोरीला कडेवर घेऊन निघून गेली.

"ओरडली असती तर बरं झालं असतं," मावशी स्वयंपाकीणबाईंना म्हणाली.

"ओरडेल की. घरी जाऊन दम खाऊन येईल," त्या म्हणाल्या.

मंगळवारी लाल पट्ट्यांच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या. मावशीने नखं मुळापर्यंत कापली. बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. फडकी उकळून काढली, साबणाची वडी बदलली, कापसाचा नवा गठ्ठा फोडला. दुपारच्या मावशीवर तिचा संशय गेला. तिच्यावर पाळत ठेवायला म्हणून ती स्वतःचा डबा न उघडताच दारात उभी राहिली. शेवटी दुपारचीच वैतागली. "अगं चकाचक, ठमीला मी हात तरी लावते का? तू लावू देतेस का कुणाला?"

ते खरंच होतं. ठमीला दुसरं कुणी हात लावत नव्हतं.

आताच्या मोठ्या बाई वयाने तिच्या मुलीएवढ्या. त्यांनी तिला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं. "मावशी, तुमच्या कामाबद्दल मला बोलायलाच नको. पण उद्या लेखी तक्रार आली, तर तुम्हाला टेबलावरून काढून खेळण्यांच्या खोलीत द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

खेळण्यांची खोली. म्हणजे दिवसभर ठोकळे गोळा करायचे आणि खुळखुळे धुवायचे. त्या संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "भाजीत मीठ दोनदा पडलंय." तिने ऐकलंच नाही. ती आपले दोन्ही हात दिव्याखाली धरून उलटेसुलटे बघत होती.

बुधवारी पोरांच्या तपासणीला दवाखान्यातली नर्स आली. दर पंधरा दिवसांनी यायची. बोलायला फटकळ, हाताला मऊ. तिने लाली पाहिली आणि म्हणाली, "आता बदला बघू. रोज करता तसंच."

मावशीने मान ताठ केली. निदान यात तरी तिला कुणी नाव ठेवणार नव्हतं. कोमट पाणी, कापूस, पुढून मागे. मग बोटाला साबण, मग फडकं. ठमी टाहो फोडत होती, मावशी "झालं हं बाळा, झालं" म्हणत मलमाचा शेवटचा कण खरवडत होती.

"अहो, भिंतीचा रंग काढताय का?" नर्सने तिचं मनगटच धरलं. "ते मलम कशाला काढता?"

"घाण लागलेली असते ना त्याला."

"वरवर लागलेली असते. तेवढीच टिपायची. खालचा पांढरा थर राहू द्यायचा, तो कातडीचं ओल्यापासून रक्षण करतो. तुम्ही दर वेळी मलम काढता, आणि मलमाबरोबर पोरीची सालंही." मग तिने स्वतः करून दाखवलं: नुसतं पाणी, हलकं टिपणं, सुक्या मऊ फडक्याने दाबून कोरडं करणं, पाच मिनिटं मोकळं ठेवणं, आणि वर पुन्हा मलम. "साबण बंद. दोन दिवसांत उतार पडला नाही, नाहीतर पुटकुळ्या वाढल्या, तर डॉक्टरांकडे." एवढं सांगून ती घाईने पुढच्या पाळणाघराकडे गेली.

मावशी टेबलाची कड धरून उभी राहिली. एकोणीस वर्षं! जाड मलम लावून येणारी पोरं आधी किती असतील? त्यातली किती अशीच रडली असतील आणि तिने त्यांना किरकिरी म्हटलं असेल?

आणि हे ऐकायला खोलीत तिसरं कुणी नव्हतं. उद्यापासून हात बदलला की लाली जाईल. उकाडा होता, गेला. कोण विचारणार होतं?

सहा वाजता कंडक्टरीण आली. पिशवीही न उतरवता खुर्चीत बसली, आणि तिचा तो दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मावशी, शनिवारपासून ठमी नाही येणार."

"तक्रार द्यायचीय का तुम्हाला?" मावशीने विचारलं.

"तुमची? तुमची कशाला?" ती म्हणाली. "माझंच चुकतंय. सकाळी गडबडीत मी कसंतरी थापते आणि पळते. सासूबाई रोज म्हणतात, पोर उघड्यावर टाकून तिकिटं फाडतेस. खोटं काय त्यात? बिनपगारी रजेचा अर्ज लिहिलाय. रजा नाही दिली तर सोडेन नोकरी." तिने पिशवीतून घडी केलेला कागद अर्धा बाहेर काढला आणि पुन्हा आत सारला.

मावशीने ठमीकडे पाहिलं. ठमी आईच्या गणवेशाचं बटण तोंडात घालायच्या खटपटीत होती.

गप्प बसलं तर टेबल राहत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"तुमचं नाही चुकलं," मावशी म्हणाली. "तुम्ही बरोबर लावत होता. मी ते खरवडून काढत होते. साबणाने. रोज. स्वच्छ राहावं म्हणून. आज नर्सबाईंनी दाखवलं."

कंडक्टरीण उठली. आता आवाज येणार, म्हणून स्वयंपाकीणबाई दाराआड येऊन थांबल्या.

"किती दिवस?"

"ती आली तेव्हापासून. दोन आठवडे."

कंडक्टरणीने ठमीला टेबलावर ठेवलं. "बदला. माझ्यासमोर."

मावशीने पट्ट्या सोडल्या. पाण्याने टिपलं, वरचं निघालं, खाली पांढरा थर तसाच. बोटं आपणहून परत त्याच्याकडे वळली.

"थांबा!"

पाळणाघरातली सगळी पोरं दचकली. मावशीचा हात जागच्या जागी थांबला, भरल्या बसचा ब्रेक लागावा तसा. ठमी रडली नाही. पायाचा अंगठा पकडून खिडकीकडे बघत राहिली.

"उद्या आणि परवा मी सकाळी अर्धा तास आधी येईन," कंडक्टरीण म्हणाली. "पहिलं बदलणं मी बघणार. अर्ज तोवर पिशवीत राहील, लाली उतरली तर फाडेन. आणि मोठ्या बाईंना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

मावशीने त्याच पावली जाऊन सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि "लाली उतरली तर टेबल तुमचंच. शुक्रवारी बघू" एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी लाली होती तशीच होती. मावशीने दुपारचा डबा तसाच घरी नेला.

शुक्रवारी पट्ट्या सोडताना तिने आधी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा कंडक्टरीण तिच्या आधी वाकलेली होती. लाल पट्ट्यांची कड फिकी पडली होती, पुटकुळ्या सुकल्या होत्या. कंडक्टरणीने बोटाच्या मागच्या बाजूने तिथे हलकेच स्पर्श करून पाहिला. ठमी हसली.

"माझी सातची गाडी सुटेल," कंडक्टरीण म्हणाली. पिशवीचा बंद ओढून घेत ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मावशी, साबण कुठाय?"

"डब्यात. कपाटात, वरच्या फळीवर."

"तिथेच राहू दे," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून पळत सुटली.