रुजू होण्याआधीचं लॉगिन

भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की मधेच शंका काढून त्या बिघडवणारी बाई म्हणजे मी. अख्खी सोसायटी नाही म्हणत असताना मी अमावास्येला नवी स्कूटर घरी आणली होती. त्यामुळे हे वाचून मला कुणी लिंबू-मिरची सुचवू नये. माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण जे घडलं ते घडलं... आणि ते कुणीतरी मुद्दाम केलं असं लिहून द्यायला मी तेव्हा नकार दिला होता, आजही देते. नावं आणि कोड तेवढे बदललेत.

मी खारघरला राहते. ऑफिस सीबीडी बेलापूरला, मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. कंपनी थंड गोदामांची – औषधं, आइस्क्रीम, फ्रोजन मटार. कुठल्या गोदामात किती तापमान, दार कधी उघडलं, हे सगळं एका रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये येतं आणि त्याची अ‍ॅडमिन मी होते. पूर्वी सगळं ऑफिस एकच लॉगिन वापरायचं. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर, लपवाछपवी नाही. मागच्या वर्षी गणपतीनंतर नवीन व्हर्जन आलं आणि ते लाड संपले. माणशी एक लायसन्स, पूर्ण नावानिशी, एम्प्लॉयी कोडसकट. शिवाय कोणी, कुठल्या मशीनवरून, किती वाजता, कोणता रिपोर्ट उघडला याची यादी दर सोमवारी आपोआप आमच्या साहेबांना, म्हणजे देसाई सरांना.

लायसन्स तीस होती. मी एकोणतीस नावं भरली, एक जागा भरायची होती म्हणून तिसावं रिकामं ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर यादीत तीस नावं. तिसावं – अश्विनी तानाजी शिंगटे, कोड ४१७. या नावाचं आमच्याकडे कुणीच नव्हतं, आणि कोड तेव्हा ४११पर्यंतच पोचले होते.

वाटलं, माझ्याच हातून काहीतरी झालं. उडवलं. सकाळी परत हजर. तीनदा उडवलं, तीनदा आलं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, त्यांनी नेहमीचं 'कॅश क्लिअर करा' सांगितलं. केलं.

मग मी ती काय उघडते ते बघितलं. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी लॉगिन, मशीन खिडकीजवळचं. ते टेबल त्या रिकाम्या जागेचंच. आणि एक दहाला मी त्याच्या बरोब्बर समोर बसून डबा खात असते! मी मुद्दाम लक्ष ठेवलं. खुर्चीत कुणी नाही, स्क्रीन बंद. चौथ्या दिवशी डबा त्याच टेबलावर नेऊन उघडला. भेंडी-पोळी खाल्ली, मॉनिटरवरची धूळ बघितली, जागेवर परत आले... यादीत लॉगिन १:१०, मशीन तेच. अंगावर काटा आला, ते कबूल करते.

त्या आयडीखाली एक अर्धवट रिपोर्ट सेव्ह केलेला होता. नाव 'दार – जेवणाची सुट्टी'. दिघ्याच्या गोदामाचं दार दुपारी किती वेळ उघडं राहतं त्याचा आलेख, त्यात एकच खांब लाल. असा रिपोर्ट आमच्यात कुणी मागितला नव्हता. मी तोही उडवला, आणि तो परत आला नाही. नाव मात्र राहिलं, शेवटी मीच कंटाळले. स्क्रीनशॉट काढला नाही. त्याबद्दल मला बोलणार असाल तर मी स्वतःला आधीच बोलून घेतलंय.

तीन आठवड्यांनी त्या रिकाम्या जागेवर मुलगी रुजू झाली. दिघ्याची, पहिलीच नोकरी, वडील आमच्याच दिघ्याच्या गोदामात कंत्राटी लोडर. मधल्या काळात गोदामांवर काही माणसं घेतली होती, त्यामुळे कोड पुढे गेले होते. एचआरची चिठ्ठी आली – अश्विनी तानाजी शिंगटे, ४१७. मी ती तीनदा वाचली.

सोमवारच्या जुन्या याद्यांत तीन आठवडे आधीपासून तिचंच नाव आहे हे बघून देसाई सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं.

"मानसी, सरळ गोष्ट आहे," सर म्हणाले. "एक तर तुम्ही हिला आयडी दिलात, नाहीतर हिने घेतला. वडील आपल्याच गोदामात आहेत. मला चौकशीच्या फॉर्मवर एक नाव लागेल."

अश्विनी उभीच होती. "सर, बेलापूर मी इंटरव्ह्यूच्या दिवशी पहिल्यांदा बघितलं," ती म्हणाली. "पप्पांना तर मेसेजपण मी टाइप करून देते. आमी कशाला करू असलं?"

"मग आयडी काय आभाळातून पडला?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"असं लिहिता येत नाही, मॅडम."

"मग मी लिहून दाखवते."

कारण – माहीत नाही. जबाबदार व्यक्ती – कोणीही नाही, खुर्ची रिकामी होती, मी समोर बसले होते. खाली सही ठोकली. आणि तोंडी सांगितलं की हिला काढणार असाल तर माझा राजीनामाही घ्या. मला राग त्या आयडीचा आला नव्हता. आपल्याला कळत नाही हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून एका पोरीची पहिली नोकरी घालवायची, याचा आला होता.

सरांनी सीसीटीव्ही मागवला. एक दहा, रिकामी खुर्ची, समोर मी आणि माझा डबा. सगळे दिवस तेच; फक्त चौथ्या दिवशी त्या टेबलावर मी, हात डब्यात आणि स्क्रीन बंद. अश्विनीची नोकरी राहिली. माझं अ‍ॅडमिनपद मात्र महिनाअखेरपासून दुसऱ्याकडे गेलं. जाऊ दे म्हटलं.

चारेक महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, बघा ना, मी एक बनवलंय. पप्पा सांगतात, जेवायच्या सुट्टीत एक पाळी जाते, दुसरी येते, मधे दाराला कुणी वालीच नसतो. इन्सुलिन तिथंच ठेवतात."

रिपोर्टचं नाव 'दार – जेवणाची सुट्टी'. दिघा. एकच खांब लाल.

मी पाणी प्यायले आणि "छान झालंय" म्हणाले. आधी बघितलाय हे तिला सांगितलं नाही. तो तिचा रिपोर्ट आहे, वडिलांचं ऐकून तिने स्वतःच्या डोक्याने केलेला. त्यात माझी भानगड कशाला? आता दुपारी त्या दारावर माणूस असतो.

सर्व्हरची तारीख चुकली असेल, असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना आधीच सांगते – तपासली, बरोबर होती. नामसाधर्म्य म्हणाल, तर कोडसकट? आधीच ठरलेली उमेदवार म्हणाल, तर तेव्हा जाहिरातही निघाली नव्हती. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडेही नाही, उगाच देऊ नका.

एक गोष्ट मात्र सरांनाही सांगितलेली नाही. अ‍ॅडमिनपद सोडायच्या शेवटच्या दुपारी यादीत आणखी एक नाव होतं. आमच्याकडे नसलेलं, कोड बराच पुढचा. मी उडवलं नाही. त्याच्यापुढे 'टेस्ट आयडी' अशी खूण केली. तशी खूण असली की सोमवारच्या मेलमध्ये नाव येत नाही.

ते नाव इथे लिहिणार नाही. ज्याचं कुणाचं आहे, त्याला आधी नोकरी तर लागू दे.