पेटीच्या सुरांवरचे नंबर

एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांत मी चांद्याच्या एका तंत्रशाळेत यंत्ररचना शिकवत असे. पदविका घेतलेला माणूस तिकडे दुर्मीळ होता आणि मी स्वतःला त्याहूनही दुर्मीळ समजत होतो. रोजच्या वापरातली वस्तू आणायची, वर्गात उघडायची आणि करणाऱ्याने ती अशीच का केली हे मुलांना विचारायचं, ही माझी पद्धत. कुलूप झालं, स्टोव्ह झाला, छत्री झाली. वस्तू लोकांची, ज्ञान माझं.

एकदा वडशाच्या नाटक मंडळीची पेटी मागून आणली. आतले पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या बारीक पट्ट्या, काढायला लागलो तेव्हा एटापल्लीकडचा एक विद्यार्थी पेन्सिल घेऊन पुढे आला.

"गुरुजी, सुरायजवळ नंबर टाकू का? सारे सारखेच दिसून राह्यले."

"इंजिनिअर डोक्यात ठेवतो. नंबर हमालाला लागतात."

वर्ग हसला. मीही हसलो, जरा जास्तच.

पेटी मी स्वतः जोडली. असली नाजूक कामं विद्यार्थ्यांवर थोडीच सोडायची असतात! दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीमास्तर न्यायला आले. मुख्याध्यापकांसमोरच त्यांनी ती वाजवून पाहिली.

"गुरुजी, मी सा दाबून राह्यलो अन् हे भलतंच बोलून राह्यली. आमचा राजा मंचावर येईन तवा लोकं हासतीन ना."

"कोणी जोडली?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

माझं बोट त्या मुलाकडे गेलं. नागपूरच्या पदविकेसाठी शाळेतून एकच शिफारस जायची आणि ती त्याची ठरली होती. त्याला हे ठाऊक होतं, मलाही. तो खाली बसला, एकेक सूर काढून फुंकून ऐकला आणि दिवस मावळायच्या आत पेटी नीट करून दिली. अहवालात मी लिहिलं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली दुरुस्त.' शिफारशीतून त्याचं नाव निघालं. कारण, निष्काळजीपणा.

बऱ्याच वर्षांनी वडशात पेट्या दुरुस्त करण्याच्या एका दुकानात शिरलो, तर समोर तोच. पुढ्यात उघडी पेटी, प्रत्येक सुराजवळ पेन्सिलीचा आकडा.

"या गुरुजी, बसा. हमाली करून राह्यलो," तो म्हणाला. मग चहा मागवला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "यायनंच मले पेटी शिकवली."

मी नाही म्हणालो नाही. चहा प्यायलो.

म्हणून आता लिहून ठेवतो. सूर मी चुकवले होते, लावले त्याने. आणि पेटी मी त्याला शिकवलेली नाही.