मारुतीराया बोलायचा थांबला तेव्हा

दुष्काळाच्या त्या वर्षी मला देव ऐकू येऊ लागला, आणि त्याच सुमारास बायको मला विष घालतेय असंही वाटू लागलं. दोन्हींपैकी एकावर तरी शंका घ्यायला हवी होती. मी ती घेतली बायकोवर, सुमनवर.

चिकलठाण्याच्या पुढं आमची नवी कॉलनी. घरं भराभर उठली, पाणी काही आलं नाही, त्यामुळं सगळ्यांचे डोळे टँकरकडं. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारची आरती म्हणायला मी पुढं असायचो. एकदा पहिलंच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, कारण पुढचं आठवेचना. लोकांना वाटलं, माझी समाधी लागली. तेवढ्यात मारुतीराया कानात बोलला, "भांडी काढ की रं, उद्या टँकर येतुया." देव शुद्ध बोलत असेल अशी माझी समजूत होती, हा तर गंगापूरच्या आमच्या मामासारखा बोलत होता! मी ते मोठ्यानं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी टँकर आला. तो एरवीही दर रविवारी यायचाच, हे कुणालाच आठवलं नाही, मला धरून. लोक माझ्या पाया पडू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पाय बधिर होत होते, त्यांवर जांभळे ठिपके उठले होते. तीही मी साधनेची खूण ठरवून टाकली.

घरात मात्र तोच आवाज सांगायचा, चहा पिऊ नको. मी सुमनच्या हातचा चहा मोरीत ओतायचो, भर दुष्काळात! मग जेवणही सोडलं. एकदा तिनं माझ्यासमोर अर्धा कप पिऊन दाखवला. "बघा, मेले का मी?" मी म्हणालो, "तुला सवय असंल." नंतर कळलं, ती रोज दुपारी रिकाम्या देवळात जाऊन एवढंच मागायची, माझा माणूस मला परत दे.

पुढच्या शनिवारी शेजारच्या काकूंनी पाहुणी आलेल्या भाचीला माझ्यापुढं ढकललं. "पाया पड गं, लग्नाचं जमंल." ती वाकली ती उठेचना. मला वाटलं, हिचीही समाधी लागली. तिनं एका ठिपक्यावर बोट दाबलं. "काका, हे कधीपासून?" ती त्वचारोगाची डॉक्टर निघाली. मी गंभीरपणे सांगितलं, मारुतीराया माझ्याशी बोलतो. ती म्हणाली, "बोलू द्या की. त्यांनाही घेऊन दवाखान्यात जाऊ." मागं उभी असलेली सुमन तोवर रिक्षा बघायला धावली होती.

तपासण्यांत निघालं, अंगभर बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली होती, मेंदूतल्यासुद्धा. विसर, संशय, आवाज, सगळं त्यातलंच. आणखी उशीर झाला असता तर अर्धांगवायू ठरलेला होता, असं डॉक्टर म्हणाले. औषधांनी माझं तोंड मोदकासारखं फुगलं, ठिपके विरले, आणि एका सकाळी मारुतीराया बोलायचा थांबला. मला फार पोरकं वाटलं. आवाज आजाराचा होता, हे मी मानतो. पण एवढे लोक माझ्या पाया पडले आणि पाय पाहिले एकटीनंच. तिला कुणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही. नुसते हात जोडतो.

घरी आलो तेव्हा सुमननं चहा पुढं ठेवला आणि दारात उभी राहिली. मी कप उचलला. संशय पुरता गेला नव्हता. प्यावा की नाही हे सांगायला आता तो आवाजही नव्हता. डोळे मिटले, मनात मारुतीरायाचं नाव घेतलं आणि घोट घेतला.

"साखर विसरलीस," मी म्हणालो.

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "विष घालायच्या नादात राहिली."

उरलेला चहा मी तसाच, बिनसाखरेचा, प्रसादासारखा संपवला.