बंद जबड्यातली झडती

"हा माणूस हसत नाहीये," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "कुणी हात लावू नका त्याला."

वाशीमच्या दवाखान्याच्या ओसरीवर मला कडब्याच्या पेंढ्यांवर आडवं केलं होतं. माझे ओठ कानापर्यंत ताणलेले, दात बाहेर. तीन दिवसांपासून मी असाच हसत होतो आणि त्यापायी एक थापडही खाऊन आलो होतो. डॉक्टरांनी लांबूनच पायाची चिंधी पाहिली आणि विचारलं, "जखमेला काय लावलं होतं?"

मला बोलता येत नव्हतं. माझी बायको गिरजा म्हणाली, "शेण लावलं जी यायनं. मी नाही म्हनत होती."

"टिटॅनस," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे धनुर्वात. मातीत, शेणात याचं विष तयार करणारे जंतू असतात. जखमेतून आत गेले की ते विष नसा आवळतं. आधी जबडा बसतो, मग पाठ धनुष्यासारखी वाकते." मग ते गिरजेकडे वळून म्हणाले, "बाई, खोटं सांगत नाही. यातून निम्मे लोकसुद्धा उठत नाहीत."

हे मी लिहितोय ते अशांसाठी, ज्यांना उद्या डॉक्टर असंच काही सांगतील. शहाणा म्हणून लिहीत नाही. माझ्याइतका मूर्ख वाचला, तर तुम्हाला काय धाड भरली आहे, एवढंच सांगायचं आहे.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशात होता आणि वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. आमचं गाव मालेगावजवळ. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या होतात. झडती म्हणजे ओरडून म्हणायचं दोन-चार ओळींचं कवन. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. माझा चुलतभाऊ संपत यात पटाईत. आदल्या पोळ्याला त्यानं सगळ्या गावासमोर माझ्यावर झडती टाकली:

तुळशीरामाचं तोंड, जशी रिकामी कोठी,
आत नाही दाना, अन् कडी मोठी!

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. एक शब्द सुचला नाही. गाव हसलं, आणि माझे बैलसुद्धा माझ्याकडे बघत होते असं मला अजून वाटतं.

पुढच्या वर्षी पेरणी झाल्यापासून मी उत्तर जुळवत होतो. आषाढात कपाशीत डवरा चालवताना बैलांनाच झडती म्हणून दाखवत होतो. एका ओळीला हात उंचावायची गरज नव्हती, पण मी उंचावला. डवरा कलंडला आणि त्याची पास, म्हणजे तण कापायचं लोखंडी पातं, माझ्या पायात शिरली. गिरजा म्हणाली, मालेगावच्या डॉक्टरले दाखवा. मी म्हणालो, एवढ्याशा घावासाठी डॉक्टर कायले? आणि ताजं शेण थापून मोकळा झालो.

आठव्या दिवशी जबडा जड झाला. मी म्हटलं, दाढ. नवव्या दिवशी भाकर तोंडात जाईना. मी म्हटलं, दाढच. अकराव्या दिवशी संपतचा बैल मेला.

बैल मेल्यावर आमच्याकडे माणसं बसायला जातात. मीही गेलो. संपत दारात डोक्याला हात लावून बसला होता. त्यानं वर पाहिलं, तर समोर मी, बत्तीस दात दाखवत.

"हासून राह्यला काय बे माह्या दारात?"

मी मान हलवायला गेलो, ती हलेना. दात तेवढे दिसत राहिले.

"माहा बैल मेला अन् तुले झडती सुचून राह्यली!" असं म्हणून त्यानं माझ्या गालावर अशी ठेवून दिली की मी खाली पडलो. पडलो आणि कमानीसारखा वाकलो. डोकं अन् टाचा जमिनीवर, बाकीचा मी अधांतरी. संपतला वाटलं, त्यानं मला मारलंच. मागून गिरजा ओरडत आली, "भाऊजी, तीन दिवस झाले, यायनं घास नाही खाल्ला! तोंडच उघडत नाही यायचं!"

संपतनं त्याचा राहिलेला एक बैल आणि माझा एक बैल गाडीला जुंपला. वाटेत बैलांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या की मी वाकायचो. दोन-तीनदा असं झाल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं. त्यानं गाडी थांबवून घंट्या सोडल्या आणि कडब्यात खुपसल्या. समोरून दुसरी गाडी दिसली की तो धावत पुढे जायचा आणि हात जोडून म्हणायचा, "बाप्पा, घंट्या मुठीत धरा. माह्या भावाचा जीव जाते." हा तोच संपत.

डॉक्टरांनी मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. जखम उघडून धुतली. पेनिसिलिन दिलं. मग सिरम टोचलं. सिरम म्हणजे रक्ताचं पाणी. घोड्याला थोडं थोडं विष देऊन त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार करतात आणि तो आपल्याला टोचतात. नर्सबाईंनी हे गिरजेला सांगितलं ते मी ऐकलं. जन्मभर बैल पूजले आणि धावून आला घोडा!

नर्सबाई गोव्याकडच्या होत्या. कानात कापूस घालताना त्या म्हणाल्या, "आवाज नको, उजेड नको, धक्का नको. तुम्ही रडायचं नाही आणि हसायचं तर अजिबात नाही." नाकातून रबरी नळी पोटात घातली, तिच्यातून दूध. घाण वासाचं एक गुंगीचं औषध दिलं की थोडा वेळ शरीर सैल पडायचं. पहिले सात-आठ दिवस असे गेले. दाराची कडी वाजली तरी पाठ वाकायची, दात दातांवर करकरायचे, आणि शुद्ध मात्र पूर्ण असायची. या रोगाचा खरा दुष्टपणा तोच आहे. तो तुम्हाला झोपवून मारत नाही.

गिरजेला माझ्या अंगाला हात लावायची बंदी होती. ती दाराशी बसून राहायची. तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि मला झटका आला. दाराबाहेर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "काढून ठेव न बाई."

"काढत नसते मी," गिरजा म्हणाली. तिनं लुगड्याचा काठ फाडला आणि दोन्ही हातांच्या बांगड्यांना मनगटापासून वरपर्यंत गच्च गुंडाळला. मी ते बंद दातांआडून पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला मरायची भीती वाटली. त्याआधी नुसती लाज वाटत होती.

तुम्ही विचाराल, त्या खोलीत पडल्या पडल्या धीर कुठून आणला? लोक विचारतात तेव्हा मी वर बोट दाखवतो. पण कागदावर खरं लिहायला हवं. गिरजेच्या त्या हातांकडे बघून जगावंसं वाटायचं. पण पुढचा तास काढायला ते पुरत नाही. त्याला काहीतरी काम लागतं. माझं काम एकच उरलं होतं. पोळा सव्वा महिन्यावर होता आणि संपतला उत्तर द्यायचं होतं. मागच्या वर्षी तोंड उघडं होतं आणि शब्द नव्हते. आता शब्द येत होते आणि कोठीला कडी बसली होती.

एके दुपारी एक ओळ इतकी झकास जुळली की मला आतून हसू फुटलं. लगेच झटका. असा जबर की डॉक्टर धावत आले. श्वास अडला, मी निळा पडलो म्हणे. औषध देऊन झाल्यावर ते म्हणाले, "काय झालं? आवाज तर कसलाच नव्हता!" काय सांगू? स्वतःच्याच विनोदानं मरणारा वऱ्हाडातला पहिला माणूस मी झालो असतो.

त्यानंतर मी शिस्त लावली. ओळ सुचली की ती गमतीची आहे हे स्वतःला कळू द्यायचं नाही. सातबाराचा उतारा वाचावा तशी वाचायची. एका तासाला एक शब्द. सकाळी एक बसवायचा, तो धरून दुपारपर्यंत पोचायचं. धीर म्हणतात तो हाच असेल तर तो फार बारीक पुड्यांत मिळतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी झटके विरळ झाले. तिसऱ्या आठवड्यात दातांत गव्हाच्या दाण्याएवढी फट पडली. नर्सबाई रोज तिथं लाकडी पट्टी सरकवून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज दोन गहू." पाच गव्हांच्या दिवशी मी पहिला शब्द बोललो. गिरजा वाकून ऐकायला आली. देवाचं नाव नाही, तिचंही नाही. मी म्हणालो, "शेण."

"आता लावसान?" ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

सुटी देताना डॉक्टर म्हणाले, "एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं समजू नका. या रोगाची टोचणी घ्यायची. जखम साबणानं धुवायची आणि तडक दवाखान्यात यायचं." मी टोचून घेतलं. संपतलाही नेलं. तो सुईला बैलापेक्षा जास्त बुजतो, हे तिथं कळलं.

पोळ्याच्या दिवशी मी काठी टेकत तोरणाखाली गेलो. गाडी ओढलेल्या दोन्ही बैलांच्या शिंगांना बेगड होती, गळ्यात त्याच घंट्या होत्या. संपत एका बैलाचा दोर धरून उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तोंड उघडते काय बे?"

मी काठी गिरजेच्या हातात दिली. हात उंचावला. या वेळी गरज होती.

बैलाच्या सनाले घोड्याचं नाव,
हासते हासू दे सारं गाव!
घोड्यानं देल्लं रगत, बैलानं ओढली गाडी,
संपतनं थापड मारली, म्हनून सापडली नाडी!

गाव असं हसलं की बैल बुजले. घंट्या एकदम खणखणल्या. मी सवयीनं अंग आवळून झटक्याची वाट पाहिली. पाठ सरळच होती.

संपतची पाळी होती. त्यानं तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. मग डोळे पुसून तो ओरडला, "कोठी उघडली रे बाप्पा!"

गिरजा टाळ्या वाजवत होती. हातांवर आता काठ गुंडाळलेला नव्हता, आणि एवढ्या गलक्यातही मला बांगड्या ऐकू येत होत्या.